हाल्प द्राय म्हणजे अडीच

श्टुटगार्टला पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात राहण्याच्या पत्त्याची नोंदणी करण्यासाठी मला एका कार्यालयात जायचे होते. दूरध्वनीवरच्या बाईंनी वेळ दिली ती ‘हाल्प द्राय’. हाल्प म्हणजे अर्धा आणि द्राय म्हणजे तीन, एवढे पुण्यातल्या वर्गात पहिल्याच महिन्यात पाठ झालेले होते. त्यामुळे कागदांची पिशवी छातीशी धरून मी साडेतीनला दहा मिनिटे असताना तिथे हजर झाले आणि वेळेआधी आल्याबद्दल कोणीतरी मान डोलावेल अशा थाटात खिडकीशी उभी राहिले. खिडकीतल्या बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिले, मग यादीकडे, आणि शेवटी माझ्याकडे. माझी वेळ तासाभरापूर्वीच टळून गेली होती.

हाल्प द्राय म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. जर्मन माणसाच्या मनात दोन वाजून गेले की तिसरा तास सुरू होतो, आणि त्या तिसऱ्यातला अर्धा झाला की तो ‘अर्धा तीन’ म्हणतो. परतीच्या ट्राममध्ये मी या भाषेला आणि तिच्या घड्याळाला मनातल्या मनात बरेच काही बोलून घेतले. रात्री मात्र भाताला आधण ठेवताना एकदम आठवले की, हा हिशेब आपल्याकडेही आहे. आपला ‘अडीच’ आला आहे तो संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ या शब्दावरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असा. प्राकृतातून येता येता तो इतका झिजला की त्यातला अर्धाही दिसेना आणि तिसराही. दीडचे तेच, त्यात ‘दुसरा अर्धा’ लपलेला आहे, आणि जर्मन लोक दीडला आजही ‘आंडरटहाल्प’ म्हणतात, ज्यातला ‘आंडर’ मुळात ‘दुसरा’ या अर्थाचा होता. श्टुटगार्टच्या बाजूला तर ‘फिअर्टेल द्राय’ म्हणजे सव्वादोन आणि ‘द्रायफिअर्टेल द्राय’ म्हणजे पावणेतीन. तिसऱ्यातला पाव झाला, तिसऱ्यातला पाऊण झाला. ज्या मुलीने लहानपणी पावकी, निमकी आणि पाऊणकी घोकली, तिला हे अवघड जायला नको होते. मला ते अवघड गेले, कारण मी ‘हाल्प द्राय’ कानाने जर्मनमध्ये ऐकले आणि डोक्याने इंग्रजीत.

ही चूक एका दिवसाची नव्हती, तिच्यामागे दोन वर्षांची सवय होती. चाकणला मी ज्या कारखान्याच्या खरेदी विभागात काम करत होते, तिथे सुटे भाग जर्मनीहून येत आणि त्यांच्याबरोबर जर्मन पत्रेही येत; त्या निमित्ताने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले. माझे शिक्षण कुडाळला, मराठी माध्यमात झालेले, आणि वर्गातली बाकीची मुले विशी-बाविशीची, इंग्रजीत सहज पोहणारी. शिकवणे इंग्रजीतून, पुस्तकातले खुलासे इंग्रजीतून, आणि माझ्या वहीत दोन रकाने, डावीकडे जर्मन आणि उजवीकडे इंग्रजी. तिसरा रकाना आखावा असे मला सुचलेही नाही. मराठी ही घरी बोलण्याची भाषा, ती शिकण्याच्या कामी येते हे कोणी सांगितले नव्हते.

इंग्रजी आणि जर्मन सख्ख्या बहिणी आहेत हे खरे, पण बहिणींचे चेहरे सारखे असले की दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याचा गोंधळ होतो, तसा माझा होई. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू नव्हे, विष. ‘बेकोमेन’ म्हणजे होणे नव्हे, मिळणे. ‘शेफ’ म्हणजे स्वयंपाकी नव्हे, साहेब. ‘वेर’ म्हणजे कोण आणि ‘वो’ म्हणजे कुठे, तर इंग्रजी कानाला नेमके उलट वाटते. ‘हँडी’ म्हणजे मोबाइल, ‘रोक’ म्हणजे परकर किंवा स्कर्ट, ‘बाल्ड’ म्हणजे लवकरच. अशा याद्या कुठल्याही पुस्तकाच्या शेवटी मिळतात आणि पाठ करून संपवता येतात. खरा फसवा भाग तो नव्हता. शब्द फसवतात तेव्हा समोरचा हसतो आणि आपल्याला कळते. वाक्याचा साचा फसवतो तेव्हा कोणी हसत नाही.

पहिल्या थंडीत मी कचेरीत सांगितले, ‘इश बिन काल्ट’. इंग्रजीतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून उचललेले होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हळूच दुरुस्ती केली, ‘मीर इस्ट काल्ट’. ‘मी थंड आहे’ असे म्हटले तर माणूस भावनाशून्य असल्याचा अर्थ निघतो. थंडी वाजते ती मला, मी नव्हे थंड. ‘मीर’ म्हणजे मला. मला थंडी वाजते, मला बरे वाटत नाही, मला आवडते, मला सुचते, मला कमी पडते. या सगळ्या वाक्यांत जर्मन माणूसही ‘मीर’च म्हणतो. ‘एस गेफेल्ट मीर’, ते मला आवडते. आवडणारी वस्तू कर्ता असते आणि मी बाजूला बसून ती आवड स्वीकारत असते. इंग्रजीत प्रत्येक वेळी ‘मी’ने पुढे होऊन काहीतरी करावे लागते, अगदी आवडून घेण्याचेही काम त्यालाच करावे लागते. माझ्या वहीतल्या उजव्या रकान्याने मला दोन वर्षे हा ‘मी’ पुढे करायला शिकवले होते, आणि डावीकडच्या भाषेला त्याची गरज नव्हती. त्या संध्याकाळी मी वहीत तिसरी रेघ मारली.

आता ‘मला’ म्हटले की विभक्ती आली. ‘स, ला, ते’ हे पाढ्यासारखे म्हणत ज्यांनी तक्ता पाठ केला आहे, त्यांना जर्मनच्या चार विभक्तींचे भय वाटण्याचे कारण नाही; आपण आठांना तोंड दिलेले आहे. ‘डेर हुंट बाइस्ट डेन मान’ म्हणा किंवा ‘डेन मान बाइस्ट डेर हुंट’ म्हणा, चावतो कुत्राच, जसा ‘माणसाला कुत्रा चावतो’ यातही कुत्राच चावतो. प्रत्यय नावाला न लागता त्याच्या आधीच्या शब्दाला लागतो, एवढाच काय तो फरक. जर्मन शाळांत या विभक्तींची दुसरीही नावे चालतात, आणि त्यांचा सरळ अर्थ होतो ‘कोण-विभक्ती’, ‘कोणाचे-विभक्ती’, ‘कोणाला-विभक्ती’. आमच्या कुडाळच्या बाईंनी कर्ता आणि कर्म शोधायला हेच प्रश्न विचारायला लावले होते.

मात्र इथेच मराठीने मला खड्ड्यातही घातले. आपल्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी या दोघींचे प्रत्यय एकच आहेत. ‘मी त्याला पाहिले’ आणि ‘मी त्याला पुस्तक दिले’, दोन्हीकडे ‘त्याला’. जर्मन पहिल्या ठिकाणी ‘ईन’ म्हणेल आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ईम’. हे ‘न’ आणि ‘म’ माझ्या तोंडात महिनोन्‌महिने अदलाबदल होत राहिले. यातून वाट दाखवली ती शाळेत अर्धवट ऐकलेल्या एका शब्दाने, संप्रदान. चतुर्थीचा अर्थ संप्रदान, म्हणजे देणे ज्याच्यासाठी आहे तो. आणि जर्मन चतुर्थीच्या ‘डाटिव’ या नावाच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्दही देण्याचाच. मग मी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवला: क्रियापदातून काही देता येते का? मदत देता येते, उत्तर देता येते, धन्यवाद देता येतात, शुभेच्छा देता येतात. मदत करणे, उत्तर देणे, आभार मानणे, अभिनंदन करणे ही चारही क्रियापदे जर्मनमध्ये चतुर्थी घेतात. पाहणे, ओळखणे, बोलावणे यांत देण्यासारखे काही नाही, म्हणून द्वितीया. ‘विचारणे’ मात्र या युक्तीत बसत नाही. प्रश्न आपण देतो की घेतो यावर जर्मनांशी वाद घालण्यात अर्थ नसल्यामुळे मी ते निमूटपणे पाठ केले.

संप्रदानाचा हा विचार करताना मला फ्रान्झ कीलहॉर्न यांची आठवण होत असे. 1866 मध्ये हा जर्मन पंडित पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आला, इथल्या शास्त्र्यांकडे बसून व्याकरणाचे ग्रंथ समजून घेतले, पतंजलीच्या महाभाष्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली, आणि 1881 मध्ये मायदेशी परतून ग्यॉटिंगेनला प्राध्यापक झाला. त्याच ग्यॉटिंगेन विद्यापीठाने पुढे 1885 मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना डॉक्टरेट दिली. डेक्कन कॉलेजच्या रस्त्यावरून मी कित्येकदा गेले असेन, पण जर्मन शिकायला लागेपर्यंत तिथल्या त्या गृहस्थाची मला कधी आठवण झाली नव्हती. तो पुण्यात आपल्या विभक्ती शिकला आणि मी त्याच्या विभक्ती पुण्यातच इंग्रजीतून शिकत होते, हे लक्षात आल्यावर मला थोडे हसू आले आणि थोडा रागही.

जर्मन वाक्यात क्रियापदासाठी शेवटपर्यंत वाट पाहावी लागते अशी तक्रार जगभर ऐकू येते. ती करणारे लोक इंग्रजीच्या दिशेने आलेले असतात. आपण तर जन्मभर शेवटच्याच क्रियापदाची वाट पाहत आलो आहोत. ‘तू उद्या सकाळी सामान घेऊन स्टेशनवर’ इथपर्यंत ऐकून मराठी माणूस घाबरत नाही. पुढे ‘ये’ आहे की ‘येऊ नकोस’ आहे हे कळेपर्यंत तो शांतपणे चहा पितो. ‘इश हाबे गेस्टर्न इन पूना आइन बूख गेकाउफ्ट’ या वाक्यातला ‘हाबे’ दुसऱ्या जागेवरून उचलला, तर उरते ते ‘मी काल पुण्यात एक पुस्तक विकत घेतले’, त्याच क्रमाने. कारण सांगणाऱ्या उपवाक्यात तर तो ‘हाबे’सुद्धा आपण होऊन शेवटी जाऊन बसतो.

वर्गात आम्हाला ‘तेकामोलो’ नावाचा मंत्र दिला होता: आधी काळ, मग कारण, मग रीत, मग स्थळ. मुले तो बोटांवर मोजून वाक्ये जुळवत. एके दिवशी पावसात भिजत वर्गात शिरताना मी मैत्रिणीला मराठीत म्हणाले, ‘मी आज पावसामुळे रिक्षाने वर्गात आले,’ आणि दारातच थबकले. आज, पावसामुळे, रिक्षाने, वर्गात. तेकामोलो! जो नियम बोटांवर मोजत होतो तो आम्ही सगळे जिना चढता चढता न मोजता पाळत होतो.

आकड्यांचेही तसेच. जर्मनमध्ये एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, आणि इंग्रजीच्या सवयीने आलेली मुले दूरध्वनी क्रमांक उतरवताना सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर करत. आपल्या ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधीच आहे, पण ती मुले पुण्यातच वाढलेली असूनही त्यांना सत्तेचाळीस म्हणजे किती हे इंग्रजीत सांगावे लागे. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. माझ्या वहीत तरी काय वेगळे होते?

तिसऱ्या रकान्यातला माझा सर्वांत आवडता शोध भूतकाळाचा आहे. जर्मन भूतकाळ करताना काही क्रियापदे मदतीला ‘हाट’ घेतात आणि काही ‘इस्ट’ घेतात, आणि कोणते काय घेते याची यादी पाठ करायची असते. मराठीत ‘तो गेला’, ‘तो आला’, ‘तो पडला’, पण ‘त्याने घेतले’, ‘त्याने पाहिले’, ‘त्याने लिहिले’. एकीकडे ‘ने’ नाही, दुसरीकडे आहे. जिथे आपल्याकडे ‘ने’ लागतो तिथे जर्मनमध्ये बहुतेक ‘हाट’ येते. उलट दिशेने जाताना मात्र सांभाळावे लागते, कारण ‘तो झोपला’ आणि ‘तो हसला’ यांना ‘ने’ नसूनही जर्मन त्यांना ‘हाट’च देतो, जागा किंवा अवस्था बदलली तरच ‘इस्ट’ असे त्याचे म्हणणे. तरीही अर्ध्या यादीचे ओझे एका प्रत्ययाने उतरले, आणि तो प्रत्यय मी शाळेत जाण्यापूर्वीपासून वापरत होते.

लिंगांविषयी काय सांगावे! जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत हे कळल्यावर हिंदी आणि इंग्रजीवाल्यांच्या तुलनेत मला उगीच श्रीमंत वाटले होते, कारण तीन आपल्याकडेही आहेत. हा आनंद चंद्र-सूर्यापर्यंत टिकला. चंद्र त्यांच्याकडेही पुरुष, पण सूर्य स्त्री. चमचा तो, काटा ती आणि सुरी ते. म्हणजे जेवणाच्या एका टेबलावर तिन्ही लिंगे शेजारी शेजारी मांडलेली. मराठीतले लिंग तिकडे चालत नाही. चालते ती एकच गोष्ट, वस्तूला लिंग असण्यात काही विचित्र नाही ही सवय. दार ते, खिडकी ती आणि उंबरठा तो का, हे आपण कोणाला विचारायला जात नाही.

‘मेडशन’, म्हणजे मुलगी, ही नपुंसकलिंगी आहे हे कळल्यावर वर्गात मोठा गदारोळ झाला. मुलीला ‘ते’ म्हणणारी भाषा कसली, असे एका मुलीने चिडून विचारले. मी गप्प राहिले, कारण आमच्या मालवणीत मुलीला ‘चेडू’ म्हणतात आणि चेडू नपुंसकलिंगी आहे. माझी आजी मी दहावीला जाईपर्यंत माझ्याविषयी ‘ता इला’, ‘ता गेला’ असेच बोलत होती आणि त्यात मला कधी अपमान वाटला नाही. वाटलेच तर, लाडाने जवळ घेतल्यासारखे वाटे. गोव्यातही लहान मुलीला कोकणीत ‘तें’च म्हणतात. जर्मनमध्ये कारण व्याकरणाचे आहे: ‘-शन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय ज्याला लागतो ते नाव नपुंसकलिंगी होते. श्टुटगार्टच्या बाजूला त्याऐवजी ‘-ले’ लावतात, घराचे ‘हॉय्झ्ले’ होते आणि तेही नपुंसकलिंगी. आपली वासरू, कोकरू, पिल्लू, लेकरू ही मंडळी पाहा, सगळी ‘ते’. लहान म्हणजे ‘ते’ हा हिशेब कोकणातून निघून थेट नेकार नदीपर्यंत पोहोचलेला पाहून मला आजीला पत्र लिहावेसे वाटले, पण ती तोपर्यंत राहिली नव्हती.

लिंग बदलले की अर्थ बदलणारे शब्द हा जर्मन शिकणाऱ्यांचा ठरलेला छळ आहे. ‘डेर झे’ म्हणजे सरोवर, ‘डी झे’ म्हणजे समुद्र. ‘डेर लाइटर’ म्हणजे प्रमुख आणि ‘डी लाइटर’ म्हणजे शिडी. ‘डी श्टॉयर’ म्हणजे कर आणि ‘दास श्टॉयर’ म्हणजे गाडीचे स्टिअरिंग. मी वैतागून या शब्दांना वहीत लाल शाई लावत होते, तोच मनात आले की, ‘तो वीट’ आणि ‘ती वीट’ यांचे काय? तो माळ उजाड असतो आणि ती माळ गळ्यात असते. माझा वेळ जातो आणि जेवणाची वेळ होते. एखाद्या जर्मन विद्यार्थ्याने ‘मला विटेचा वीट आला’ हे वाक्य कसे सोडवले असते, या कल्पनेने माझा राग निवळला.

आणि इतके करून लोणी. ‘डी बुटर’, स्त्रीलिंगी, हे मी पहिल्या पुस्तकातून घोटून ठेवले होते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी मला रविवारी न्याहारीला बोलावत, आणि त्या लोण्याला सरळ ‘डेर बुटर’ म्हणत. मी घाबरत घाबरत विचारले. त्या म्हणाल्या की, शाळेत ‘डी’ असेल, इथे या बाजूला आम्ही ‘डेर’ म्हणतो. मग एकदा त्यांनी प्रांजळपणे असेही सांगितले की, लिंग चुकले तरी लोणी पावाला लागतेच.

जोडीचे शब्द निवडताना तर मराठीने फारच साथ दिली. इंग्रजीत ‘केव्हा’ आणि ‘जेव्हा’ यांना एकच शब्द आहे, त्यामुळे ‘वान’ आणि ‘वेन’ यांत मुले वर्षभर अडखळतात. आपल्याला ‘वान’ म्हणजे केव्हा आणि ‘वेन’ म्हणजे जेव्हा किंवा जर, एवढे सांगितले की पुरते. भूतकाळात एकदाच घडून गेलेल्या गोष्टीसाठी तिसरा ‘आल्स’ आहे, त्याला आपण ‘असताना’ लावतो: मी लहान असताना. ‘क्योनेन’ म्हणजे येणे, मला पोहता येते, मला जर्मन येते. जर्मनही ‘मला जर्मन बोलता येते’ असे न लांबवता ‘इश कान डॉइच’ एवढेच म्हणतो. ‘नुर’ आणि ‘एर्स्ट’ या दोघांचे इंग्रजी भाषांतर एकच दिले होते, ‘फक्त’ या अर्थाचे. ‘एस इस्ट एर्स्ट द्राय’ म्हणजे फक्त तीन वाजले नव्हे; ‘आत्ता कुठे तीन वाजलेत’. तो ‘आत्ता कुठे’ सापडेपर्यंत ‘एर्स्ट’ मला कळला नव्हता, आणि सापडल्यावर परत कधी चुकला नाही.

कोशांत ज्यांना धड अर्थ मिळत नाही अशा इवल्या शब्दांचे जर्मनमध्ये मोहोळ आहे: डॉख, माल, या, डेन, हाल्ट. इंग्रजीतून शिकवताना त्यांच्यापुढे ‘भाषांतर होत नाही’ असे लिहून शिक्षक पुढे जातात. ‘कॉम माल हेअर’ म्हणजे ‘ये बघू इकडे’. ‘कॉम डॉख’ म्हणजे ‘ये ना’. ‘दास इस्ट या श्योन’ म्हणजे ‘छानच आहे की’. ‘वो वार्स्ट डू डेन’ म्हणजे ‘कुठे होतीस गं’. आपल्या ना, की, बघू, तर, बरं यांना आपण व्याकरणात कोपऱ्यातली जागा दिली आहे, पण माणसांमधले बोलणे चालते ते त्यांच्यावर. ऐकीव गोष्टीसाठी जर्मन ‘झोल’ वापरतो. ‘एर झोल राइश झाइन’ याचे इंग्रजी भाषांतर पाच-सहा शब्दांचे होते, मराठीत ते ‘तो श्रीमंत आहे म्हणे’. एका ‘म्हणे’त सगळी जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याची सोय आपल्याकडे आहे तशी त्यांच्याकडेही आहे, हे पाहून बरे वाटले. आणि नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा असेल तर ‘या’ म्हणून चालत नाही, ‘डॉख’ म्हणावे लागते. ‘तू जेवली नाहीस?’ ‘जेवले की.’ तो ‘की’ म्हणजे डॉख.

वाक्प्रचारांच्या बाबतीत मला जुळणी करण्याचा नाद लागला आणि त्यातून मी थोडे बिघडले. डासाचा हत्ती करणे हा आपला राईचा पर्वत, एका फटक्यात दोन माश्या मारणे म्हणजे एका दगडात दोन पक्षी. या जोड्या लावता येतात, पण त्यांत गंमत नाही. गंमत आहे ती जिथे चित्र वेगळे आणि मन एकच असते तिथे. खरी गोम इथेच आहे असे म्हणायचे तर जर्मन म्हणतो, ‘तिथे कुत्रा पुरलेला आहे’. आपण म्हणतो, पाणी इथेच मुरते आहे. वाईट गोष्ट बोलून दाखवू नये म्हणून तो बजावतो की, भिंतीवर सैतान रंगवू नकोस. आमच्याकडे आई म्हणायची, असे बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. दोघांनाही भिंतींचे भय, फक्त त्यांची भिंत पाहते आणि आपली ऐकते. वैताग आला की जर्मनाचे नाक भरते आणि आपल्या नाकी नऊ येतात. मध्येच आपले मत ठोकणारा माणूस तिकडे ‘स्वतःची मोहरी घालतो’. काहीच न समजलेला माणूस म्हणतो, ‘मला फक्त स्टेशन समजते’. पहिल्या महायुद्धातल्या घरच्या ओढीने व्याकूळ झालेल्या सैनिकांशी त्याचा संबंध जोडतात. नशीब फळफळले तर त्याला ‘डुक्कर लाभते’, आणि हे मी गावी सांगितले तेव्हा भावाने विचारले की, भातात शिरलेले डुक्कर त्यांनी पाहिले नाही काय.

मराठीने तोंडघशी पाडले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही एकतर्फी स्तुती होईल. आपण सगळे काही ‘ठेवतो’. बाटली ठेवतो, पुस्तक ठेवतो, बशीही ठेवतो. जर्मन माणूस बाटली उभी करतो आणि पुस्तक आडवे निजवतो, प्रत्येकाला वेगळे क्रियापद. आणि बशी सपाट असूनही ती ‘उभी’ असते, तर तिच्या शेजारचा चमचा ‘पडलेला’ असतो. शिवाय वस्तू ठेवताना द्वितीया आणि ठेवून झाल्यावर चतुर्थी, कारण ‘कुठे’ आणि ‘कुठल्या दिशेने’ यांना त्यांच्याकडे दोन प्रश्न आहेत आणि आपले एका ‘कुठे’त भागते. देवनागरीनेही दगा दिला. माझ्या वहीत चर्च आणि चेरी ही दोन्ही ‘किर्शे’ अशीच उतरली होती. ‘त्सालेन’ म्हणजे पैसे देणे आणि ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणे, आणि मी एका खानावळीत वेटरला अदबीने सांगितले की, मला मोजायचे आहे. तो म्हणाला, अवश्य मोजा. ट्राममध्ये एकदा पुण्याच्या ओळखीचे गृहस्थ दिसले म्हणून मी मोठ्याने ‘काका!’ अशी हाक मारली आणि डब्यातली दोन लहान मुले खिदळू लागली. जर्मन बालभाषेत ‘काका’ म्हणजे शी.

अरेतुरे आणि अहोजाहो यांसाठी जर्मनमध्ये स्वतंत्र क्रियापदे आहेत, डूत्सेन आणि झीत्सेन. इंग्रजीला हे दोन शब्द समजावून सांगायला परिच्छेद लागतो, आपल्याला काहीच लागत नाही. फरक असा की, आपल्याकडे मोठ्याने लहानाला अरेतुरे करायला परवानगी लागत नाही, तिकडे प्रौढ माणसांत ‘डू’ म्हणण्याचा प्रस्ताव मांडावा लागतो आणि तो वयाने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तो मांडला पाचव्या महिन्यात, बटाट्याचे सॅलड करता करता. मी ‘हो’ म्हणाले खरी, पण ऐंशीच्या बाईंना अगंतुगं करायला माझी जीभ वळेना, आणि पुढचे दोन महिने मी त्यांच्याशी बोलताना अशी वाक्ये जुळवत राहिले की ज्यांत ‘तू’ही येणार नाही आणि ‘तुम्ही’ही.

परतण्याच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून त्यांच्या दारात उभी राहिले आणि उंबरठ्यावर वर्षानुवर्षांची सवय तोंडून निघून गेली. घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये, म्हणून मी म्हणाले, ‘इश कोमे’. येते. त्या एक पाऊल मागे सरल्या, मला आत घ्यायला. मग त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली, आणि त्यांनी विचारले, ‘कोम्स्ट डू डेन निश्ट वीडर?’ परत येणार नाहीस का गं?

‘डॉख,’ मी म्हणाले.